थंड दिसणारी राख

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाले, "सिस्टर, दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीतल्या चार गोड आठवणी लिहून द्या." मी म्हटलं, गोड पाहिजे असेल तर हलवायाकडे जा. मी सरकारी दवाखान्यात जन्मभर ड्रेसिंग केलं. माझ्याकडे भाजलेल्या, पोळलेल्या, सोललेल्या आठवणी आहेत, आणि त्या बहुतेक अशा लेकरांच्या आहेत ज्यांना अजून नीट बोलताही येत नव्हतं. ते म्हणाले, "त्याच लिहा." म्हणून लिहिते आहे. चकली खाता खाता वाचवत नसेल तर पान उलटा, मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण तो तुमच्यावर नसेल.

मी इंगळे सिस्टर. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्या बाजूला माझी बहुतेक नोकरी झाली. लोक मला तापट म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. लिहिताना मी शाळेत शिकवलेली भाषा वापरते, पण राग मला वऱ्हाडीतच येतो. आमचे डॉक्टर एकदा म्हणाले होते, "सिस्टर, पेशंटच्या नातेवाइकांशी जरा गोड बोला." मी म्हटलं, साहेब, गोड बोलून बोलून त्यांनी लेकराला उकळत्या वरणात बसवलं, आता मी तिखट बोलून पाहते.

ड्रेसिंग म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. भाजलेल्या जागेवरची पट्टी जखमेला चिकटते. ती सलाइनच्या पाण्यानं भिजवायची, हळूहळू सोडवायची, खालचं मेलेलं कातडं काढायचं, जखम धुवायची, मलम लावायचं, पुन्हा बांधायचं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मोठं माणूस दात दाबून सहन करतं. दीड वर्षाच्या लेकराला तुम्ही काय सांगणार? ते एवढंच समजतं की ही पांढऱ्या कपड्यातली बाई आपल्याला दुखवते. बाजारात मी दिसले की पोरं आईच्या पदरामागे लपायची. आया गमतीनं म्हणायच्या, "जेव लवकर, नाई तं इंगळे सिस्टर येतीन." मी हसायचे. घरी जाऊन मात्र वाईट वाटायचं. लेकरांसाठी नोकरी केली आणि त्यांच्या जगात मी बागुलबुवा झाले.

आमच्या ड्रेसिंग रूमलाही हंगाम असतात. थंडीत अंघोळीचं पाणी. बादलीत हीटर लावून बाई दूध घ्यायला जाते, लेकरू बादलीला धरून उभं राहतं. लग्नसराईत वरणाचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, भाजीची बादली, चहाची केटली. फवारणीच्या दिवसांत बाटल्या. आणि उन्हाळ्यात पाण्याची टाकी.

बाटल्यांचं सांगते. कपाशीवर मारायचं औषध मोठ्या डब्यात येतं. उरलं की शेजारी अर्धं मागतो. मग ते कशात देणार? थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. ती बाटली घरी येते आणि देवळीत जाते, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, जिथे आरसा-कंगवा असतो. गेल्या रविवारी त्याच लेकराला बाजारात तशाच बाटलीतून गोड पाणी पाजलेलं असतं! आता त्यानं काय ओळखायचं? वर मोठी माणसं म्हणतात, "पोट्टं मोठं आगाव हाय." आगाव पोट्टं नाही, आगाव तुम्ही. असं लेकरू घेऊन एक आजोबा आले होते. वाटेत त्याला मिठाचं पाणी पाजून पाजून ओकवून आणलं होतं, मोठ्या अभिमानानं सांगत होते. घरच्या घरी असं ओकवलं की जे एकदा जाळत खाली गेलं ते दुसऱ्यांदा जाळत वर येतं, फुप्फुसात उतरतं. काही पाजायचं नाही, ओकवायचं नाही, बाटली बरोबर घ्यायची आणि दवाखाना गाठायचा. एवढंच आहे. ते लेकरू वाचलं. आजोबांनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले. मी विचारलं, बाटली कुठं आहे? म्हणाले, "हाय ना देवळीतच. अर्धी भरून हाय, फेकून देऊ काय?" पेढा माझ्या हातात तसाच राहिला.

भाजलेल्याला तर काय काय लावून आणतात! हळद, शाई, कॉफी, बटाट्याचा कीस, टूथपेस्ट. एका बापानं पोराचा अख्खा पाय पेस्टनं लिंपून आणला. मी म्हटलं, "काय गा, पायाले दात आले काय तुह्या पोराच्या?" बिचारा खाली मान घालून उभा राहिला. त्याची बायको मात्र हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग मीच तिला पाणी दिलं. पेस्ट खरवडून काढताना त्या पोराला जे सोसावं लागलं ते भाजण्याहून जास्त होतं. आणि करायचं काय होतं? साधं गार पाणी, पंधरा-वीस मिनिटं, धार धरून. बर्फ नाही, तूप नाही, काही नाही. पण नाही! पाणी लावलं की फोड येतात, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं आहे.

टाक्याचं मी थोडक्यातच लिहिते. आमचा खारपाणपट्टा. गोड्या पाण्याचा नळ येतो तेव्हा येतो, म्हणून घरात जे जे पोकळ आहे ते ते भरून ठेवायचं. अंगणात जमिनीबरोबर सिमेंटचं टाकं, त्यावर पत्र्याचा तुकडा. एका घरातलं रांगतं लेकरू त्यात गेलं. आमच्याकडे आणलं तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात सासरा, दीर, नवरा, शेजारी, सगळे एकच बोलत होते. "मायचं ध्यान नव्हतं." आणि दुसरं वाक्य, "नशिबात होतं." मी पांढरा कपडा टाकून बाहेर आले आणि विचारलं, घरात कोण कोण होतं? सगळेच होते. सासरा बाजेवर, दीर मोबाइलवर, नवरा उंबऱ्यावर दाढी करत. ध्यान फक्त त्या बाईचं नव्हतं! ती नळ आला म्हणून गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, भरत होती, ह्याच सगळ्यांच्या पिण्यासाठी.

ह्या दोन वाक्यांनी माझं डोकं फिरतं ते आजतागायत. "मायचं ध्यान नव्हतं" म्हटलं की बाकीचे सुटले. "नशिबात होतं" म्हटलं की टाकं सुटलं, पत्रा सुटला. मग पुढच्या वर्षी त्याच टाक्यावर तोच पत्रा. माणसाचं लक्ष चुकणारच हो. चुलीवर दूध, दारात पाहुणा, पाळण्यात दुसरं, कोणाचं चुकणार नाही? पण टाक्याला कडी असलेलं झाकण असलं तर लक्ष चुकलं तरी लेकरू वाचतं. ही काही फार मोठी विद्या नाही. पण लोकांना नशीब सोपं वाटतं, कडी बसवायची म्हणजे उठावं लागतं.

मग मी घराघरांत रांगायला लागले. हसू नका, खरंच रांगायचे. झालं असं की एका लेकराच्या ड्रेसिंगसाठी मी त्यांच्या घरी गेले होते. खाली बसले, हातातली कात्री घरंगळून बाजेखाली गेली म्हणून हातापायांवर वाकले, आणि त्या घराकडे पहिल्यांदाच तेवढ्या उंचीवरून पाहिलं. बाजेखाली उंदराच्या औषधाची पुडी. गॅसच्या ओट्यावरून लोंबणारं फडकं, त्यावर तापलेलं पातेलं. इस्त्रीची वायर. उभ्या माणसाला ह्यातलं काही दिसत नाही. रांगणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. तेव्हापासून ज्या घरी गेले तिथे आधी साडी खोचून एक चक्कर रांगत मारायची. आया तोंडाला पदर लावून हसायच्या. एका म्हातारीनं तर शेजारणीला हाक मारली, "अवं इकडे ये वं! सिस्टर रांगून राह्यल्या!" मी खालूनच म्हटलं, "तुम्हीबी या आजी, तुमची तमाखूची डबी कुठं पडली ते दिसते अथून." आली बिचारी, गुडघे धरत धरत. आणि डबीबरोबर तिला रॉकेलची बाटलीही दिसली. एका मास्तरांच्या टाइल्सच्या घरातही रांगले आणि कुडाच्या घरातही. दोन्हीकडे सापडायचं तेवढंच सापडायचं.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, त्या ईश्वरीचं सांगते.

सोनाळ्याकडच्या एका गावातलं हे कुटुंब. आजोबा वासुदेवराव, आजी कौसाबाई, मुलगा गजानन, सून वर्षा. भाजीपाल्याचं शेत, खाऊनपिऊन सुखी. वर्षाला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. कौसाबाईंनी गावाबाहेरच्या मारुतीला नवस बोलला, लेकरू होऊ दे, रोडगे करीन. मुलगी झाली. ती चालायला लागल्यावर नवस फेडायचं ठरलं.

रोडगे ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कणकेचे जाडजूड गोळे, घडी घालून वळलेले. जमिनीवर लांबच लांब गोवऱ्या रचून पेटवायच्या, त्यांचा विस्तव झाला की त्यात गोळे पुरून भाजायचे. बाहेर काढून राख झटकायची, कुस्करायचे, वरून तूप, वरण, वांग्याची भाजी. अर्ध्या गावाला जेवण. चव अशी की पंचतारांकित हॉटेलवाल्यानं हात जोडावेत. मलाही फार आवडतात, खोटं का बोलू.

पण रोडगे काढून घेतल्यावर मागे काय उरतं ते बघा. फुफाटा. वरून राख, आत विस्तव. आगीतून उठून फुफाट्यात पडलो ही म्हण आपण दिवसातून दहा वेळा बोलतो, आणि खऱ्या फुफाट्याला कोणी भीत नाही. उलट तो लवकर निवावा म्हणून फावड्यानं पसरवून देतात. पसरला की पातळ होतो, करडा होतो, सारवलेल्या अंगणासारखा दिसतो. देवाच्या जागी चपला घालायच्या नाहीत, म्हणून सगळे अनवाणी. बायका पंगती वाढण्यात, पुरुष पंगतीत. आणि लेकरांना मोकळी जागा दिसली की ती धावतात.

ईश्वरी त्या राखेत चार-पाच पावलं आत गेली. मोठं माणूस चटका बसला की मागे उडी मारतं. एवढ्याशा लेकराला ते समजत नाही. ते जागच्या जागी उभं राहतं आणि ओरडतं.

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तिला आणलं. पायांना फडकं गुंडाळलेलं. मी फडकं उलगडलं तर आत तूप. पंगतीतलं तूप, गरम तुपाची वाटी दोन्ही पायांवर रिकामी केलेली, त्यावर हळद. मी विचारलं, "तिथं पाणी नव्हतं काय?"

गजानन म्हणाला, "होतं ना. देवळापाशीच हापशी हाये."

"मंग टाकलं काऊन नाई?"

"फोड येतात म्हने."

मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. डॉक्टर आतून बाहेर आले आणि मला म्हणाले, "सिस्टर, आधी ड्रेसिंग." त्यांचं बरोबर होतं.

तिला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मांडीचं कातडं काढून तळपायाला लावलं. परत आल्यावर पुढचं ड्रेसिंग आमच्याकडे होतं. पाऊसकाळ सुरू झाला होता, वर्षा एसटीनं यायची, लेकरू कडेवर आणि सासू बरोबर. मी पट्टी भिजवायला घेतली की ईश्वरी किंचाळायची, आणि तेवढ्यात कौसाबाईंचं सुरू व्हायचं. "एवढ्या नवसानं झालेलं लेकरू! एवढ्या नवसानं! हिचं ध्यान असतं तं झालं असतं काय? वाढाले बाया होत्या की दुसऱ्या." प्रत्येक वेळी तेच. वर्षा लेकराचे दोन्ही हात धरून बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. मी एकदा कौसाबाईंना म्हटलं, "आजी, राख पसरवली कोणं?" म्हणाल्या, "याइनच पसरवली. मालकाइनं. दरसालच पसरवतात." मी म्हटलं, "मंग वासुदेवरावाइले काऊन नाई बोलत?" माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की मी काही अभद्र बोलले.

पाय भरून आले, पण डाव्या पायाची बोटं आत ओढली गेली. ईश्वरी चालते, पळते मात्र नाही. पळायला गेली की तोल जातो. तिच्या वयाची पोरं अंगणात शिवाशिवी खेळतात, ती उंबऱ्यात बसून कोण बाद झालं ते सांगते. शेवटचं ड्रेसिंग झालं त्या दिवशी वर्षा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "सिस्टर, तुम्ही मले एकदाबी बोलल्या नाई." मी म्हटलं, तुला बोलायचं काय कारण? तर ती तिथेच भिंतीला टेकून रडली, इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं. बाहेर सासू एसटीची वाट पाहत होती. मी दार लोटून घेतलं आणि तिला रडू दिलं.

पुढे मी निवृत्त झाले. वर्षाला मुलगा झाला, सार्थक. आणि एक दिवस गजानन आमंत्रण घेऊन घरी आला. रोडग्यांचं.

मी म्हटलं, "कायचे रोडगे?"

म्हणाला, "मायनं नवस केलता ना, ईश्वरीचे पाय बरे होऊ दे, रोडगे करीन. त्याच मारुतीले. तुम्हाले यावंच लागते, तुमच्यानंच पाय वाचले."

माझ्या हातातला चहा गार झाला. पाय भाजले रोडग्यांत, आणि पाय वाचले म्हणून पुन्हा रोडगे! मी नाही म्हणणार होते. मग मनात आलं, आपण गेलो नाही तरी गोवऱ्या पेटणारच आहेत. निदान तिथे उभं तरी राहू.

गेले. तेच देऊळ, तीच हापशी, निंबाच्या सावलीत पंगती. सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. ईश्वरी एकटी सँडल घालून ओट्यावर बसली होती आणि कौसाबाई तिला रागावत होत्या, "काढ वं, देव हाय अथी." पोरीनं दोन्ही पाय फ्रॉकखाली ओढून घेतले. मी म्हटलं, "राहू द्या आजी. मारुतीले समजते." कौसाबाई गेल्या पुटपुटत.

रोडगे निघाले आणि वासुदेवराव फावडं घेऊन उठले. मी तशीच त्यांच्याकडे गेले. वासुदेवराव भला माणूस आहे, नातीला खांद्यावर घेऊन गावभर फिरणारा. त्यामुळे तर जास्तच राग येतो, वाईट माणसाकडून असं झालं असतं तर एक वेळ समजलं असतं. मी म्हटलं, "दादा, पसरवू नोका. दोन बादल्या पाणी टाका."

त्यांनी फावडं थांबवलं. "पाणी? देवाच्या इस्तवावर? सिस्टर, घरच्या चुलीत नाई टाकत आम्ही पाणी. लक्ष्मी जाते."

"मंग माती टाका."

"पुढच्या वर्षी याच जागी रोडगे करा लागतात, माती टाकून जागा खराब कायले करायची? पसरवला का निवते. हा पाहा, कवाचाच थंडा झाला." आणि फावड्यानं राख सपासप ओढून पसरवली. करडी, सपाट, सारवल्यासारखी. "बायाइले सांगा, लेकरं सांभाळा म्हना."

बायांना सांगा! बाया वरणाच्या बादल्या घेऊन पंगतीत धावत होत्या. मी पंगतीकडे वळून ओरडले, "चार माणसं उठा आणि ह्या राखेभोवती उभे राहा." दोघे-तिघे हसले. एक जण तोंडात घास घेऊन म्हणाला, "सिस्टर रिटायर झाल्या तरी ड्युटीवरच हायेत." मग मी स्वतःच एका बाजूला उभी राहिले. एक बाजू माझी. उरलेल्या तीन कोणाच्याच नव्हत्या.

सार्थक नुकताच चालायला लागला होता. कोणाच्या तरी मांडीवर होता, त्या माणसानं भाजी घ्यायला हात पुढे केला आणि हा उतरला. मी ज्या बाजूला होते तिच्या अगदी समोरून, हात वर करून, डुलत डुलत राखेकडे निघाला. मला गुडघ्यांमुळे पळता येत नाही. मी ओरडले, पण पंगतीच्या कालव्यात कोणाला काय ऐकू जाणार? माझ्या आधी ओट्यावरून ईश्वरी ओरडली होती. "माय वं! सार्थक! माय वं!" ती उठली, पळायला गेली आणि तोल जाऊन ओट्याखाली पडली. पडल्या पडल्या ओरडतच राहिली. तो आवाज मला ओळखीचा होता. ड्रेसिंगच्या वेळी ती असंच ओरडायची.

वर्षाच्या हातातली वरणाची बादली तिथेच राहिली. ती दोन पंगतींच्या मधून, पत्रावळी तुडवत आली आणि राखेच्या काठावर पोराला दंडाला धरून उचललं. त्याचं पाऊल राखेत अजून टेकायचं होतं. काही झालं नाही. पोरगं रडलंसुद्धा नाही, उचललं म्हणून हसलं.

पंगतीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. कौसाबाई आल्या आणि तोंड उघडलं, "ध्यान कुठं असते वं तुहं..."

वर्षानं पोराला माझ्याकडे दिलं. तशीच हापशीवर गेली. तिथली बादली भरली. हापशीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. भरलेली बादली घेऊन ती राखेशी आली.

"अवं, काय करून राह्यली? देवाचा इस्तू हाय! पाप लागीन!"

"लागू द्या," वर्षा म्हणाली. "मले लागू द्या. या घरात सारं मलेच तं लागते."

आणि बादली ओतली.

केवढा आवाज झाला! चर्र करून राख उसळली आणि वाफेचा लोट निंबाच्या फांद्यांपर्यंत गेला. जवळ बसलेली माणसं पत्रावळ्या सोडून मागे सरकली. कवाचीच थंड झालेली राख! वाफ विरली तेव्हा वासुदेवराव फावड्याला टेकून तिच्याकडे पाहत होते. त्यांनी एकदा राखेकडे पाहिलं, एकदा ओट्याखाली बसलेल्या, गुडघा फुटलेल्या नातीकडे. मग फावडं खाली ठेवलं, सुनेच्या हातातून बादली घेतली आणि हापशीकडे गेले. दुसरी बादली त्यांनी ओतली. तिसरीसुद्धा.

जेवणं झाल्यावर गजानन मला सोडायला आला. खूश होता. म्हणाला, "पाहा सिस्टर, बाबा बदलले. आता दरसाल पाणी टाकतीन. आता तरी राग सोडा." मी हो म्हटलं नाही. आनंद झाला होता, नाही असं नाही. वर्षाला जवळ घेऊन मी तिची पाठ थोपटली होती, ईश्वरीचा गुडघा धुतला होता, दोन रोडगे खाल्ले होते. पण निघताना चपला घालायला वाकले तर समोर ती हापशी. देवळापासून राखेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्यावरच. दांडा अजून ओला होता.

कसला राग सोडू? ईश्वरीचे पाय जळाले त्या दिवशीही हापशी तिथंच होती.